माजी विद्यार्थ्यांचा अंक : कागदावरून पडद्यावर

विद्यापीठे आणि महाविद्यालये आपल्या माजी विद्यार्थ्यांसाठी जो अंक काढतात, त्याला नियतकालिकांच्या इतिहासात सहसा स्थान मिळत नाही. मुखपृष्ठावर संस्थेची इमारत, आत प्राचार्यांचे मनोगत, कोणाला पदोन्नती मिळाली, कोण परदेशी गेले, कोण निवर्तले याची दोन पाने, आणि मलपृष्ठाच्या तळाशी ‘केवळ खासगी वितरणासाठी’ ही ओळ. असा हा साधा ऐवज. परंतु एखाद्या गावातील शिकलेल्या पिढ्यांचे पुढे काय झाले, याची सलग नोंद बहुधा याच अंकांत असते. हा अंक छापणे बंद करून तो संगणकावर आणि मोबाइलवर न्यावा, असा ठराव आज अनेक माजी विद्यार्थी संघांच्या सभांत मंजूर होतो. ठराव दोन ओळींचा असतो. त्यामागे जी कामे आणि जे निर्णय येतात, त्यांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तळेगावची पार्श्वभूमी

हा विषय तळेगाव दाभाडेच्या संदर्भात पाहण्यास विशेष कारण आहे. सरसेनापती दाभाड्यांच्या या गावाला राष्ट्रीय शिक्षणाची आणि नियतकालिकांचीही परंपरा लाभली आहे. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांनी १८९४ साली ‘ग्रंथमाला’ हे मासिक सुरू केले. १९०६ मध्ये त्यांनी स्थापन केलेले समर्थ विद्यालय पुढे तळेगावात आले. ‘पैसा फंडा’तून उभारलेला काचकारखाना १९०८ साली याच गावात सुरू झाला. त्याच वर्षी विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात पं. श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यावरून राजद्रोहाचा खटला होऊन संपादकांना कारावास भोगावा लागला. १९१० मध्ये सरकारने समर्थ विद्यालयही बंद केले. एका मासिकातील एक लेख आणि एका विद्यालयाचे भवितव्य यांचा इतका निकटचा संबंध महाराष्ट्रात क्वचितच आला असेल.

या परंपरेतून पुढे नूतन महाराष्ट्र विद्या प्रसारक मंडळाच्या शिक्षणसंस्था वाढल्या. इंद्रायणी महाविद्यालय उभे राहिले. १९९५ मध्ये ‘मायमर’ हे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. नंतरच्या काळात अभियांत्रिकी महाविद्यालये आली आणि परिसरात खासगी विद्यापीठेही स्थापन झाली. भोवतालचे गावही बदलले. पुणे-लोणावळा लोकलने पिंपरी-चिंचवडकडे नोकरीला जाणाऱ्यांच्या या गावाशेजारी स्वतःची औद्योगिक वसाहत आली. २००८ मध्ये जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. २०२० च्या अखेरीस तेथील मोटारींचे उत्पादन थांबले आणि नंतर तो कारखाना ह्युंदाईने घेतला.

या घडामोडींचा माजी विद्यार्थ्यांच्या अंकाशी थेट संबंध आहे. औद्योगिक पट्ट्यातील पदवीधर भोसरीतून चाकणला, चाकणहून रांजणगावला आणि तेथून चेन्नईला किंवा जर्मनीला जातो. त्याचा टपालाचा पत्ता दर तीन-चार वर्षांनी बदलतो. बारा वर्षांपूर्वीच्या नोंदवहीवरून पाठवलेल्या अंकांचा मोठा भाग ‘पत्त्यावर राहत नाही’ या शेऱ्यासह परत येतो किंवा परतही येत नाही. छापील अंक बंद करण्यामागचे हे पहिले कारण आहे.

छपाई का परवडेनाशी होते?

दुसरे कारण अर्थातच पैशाचे. अंकाच्या खर्चाचे स्थूलमानाने चार भाग पडतात : मजकुराची जुळणी व मांडणी, कागद व छपाई, बांधणी आणि टपाल. यांपैकी पहिला भाग डिजिटल अंकातही राहतो, हे सभेत बहुधा विसरले जाते. उरलेले तीन भाग प्रतींच्या संख्येनुसार वाढतात. समजा, दोन हजार प्रती पाठवायच्या आहेत आणि प्रतीमागे टपालखर्च वीस रुपये आहे. तरी केवळ टपालाचेच चाळीस हजार रुपये होतात. वर्षाकाठी दोन अंक काढणाऱ्या छोट्या संघाची वर्गणी येथेच संपते.

टपालाच्या सवलतींचे चित्रही अलीकडे बदलले आहे. नोंदणीकृत बुक पोस्टची सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही योजना सुरू झाली. तीत ३०० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटास वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर रुपये असा दर ठरला. मात्र ही योजना शैक्षणिक स्वरूपाच्या पुस्तकांसाठी आहे. नियमित निघणारा आणि जाहिराती असलेला अंक तीत बसतो काय, हे हिशेब मांडण्यापूर्वीच टपाल कार्यालयात विचारून घ्यावे. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपालही स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे. जुन्या दरपत्रकावर केलेले अंदाजपत्रक म्हणून निरुपयोगी ठरते.

‘डिजिटल’ या शब्दाचे तीन अर्थ

सभेत ‘अंक डिजिटल करू’ असे म्हणताना प्रत्येकाच्या मनात निराळी गोष्ट असते. ढोबळमानाने तिचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार पीडीएफ अंकाचा. छापखान्याला जी पाने पाठवली असती तीच पाने ई-मेलने किंवा संकेतस्थळावरून द्यायची. हे काम सर्वांत सोपे आणि स्वस्त आहे. अंक ‘अंक’ म्हणून ओळखता येतो, पानांचे क्रमांक राहतात, संदर्भ देता येतो. परंतु ए-फोर आकाराचे दोन स्तंभी पान मोबाइलवर वाचणे त्रासाचे असते. वाचकाला पान सतत मागेपुढे सरकवावे लागते.

दुसरा प्रकार लेखनिहाय पानांचा. प्रत्येक लेख संकेतस्थळावर स्वतंत्रपणे येतो. अक्षर लहानमोठे करता येते, शोधयंत्रांना मजकूर सापडतो, एखादाच लेख मित्राला पाठवता येतो. वाईच्या विश्वकोश मंडळाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये छापून आला. आज विश्वकोशातील नोंदी संकेतस्थळावर मजकूररूपात वाचता येतात. म्हणूनच विद्यार्थी एखादा शब्द शोधू लागला की तो थेट नोंदीपर्यंत पोहोचतो. जाड खंडांच्या पानांची नुसती छायाचित्रे ठेवली असती, तर हे घडले नसते.

तिसरा प्रकार वार्तापत्राचा. महिन्याला किंवा तिमाहीला थोडक्यात बातम्या आणि पूर्ण लेखांचे दुवे ई-मेलने जातात. उत्तर अमेरिकेत विखुरलेल्या मराठी मंडळांची शिखरसंस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. त्याच्या ‘बृहन्महाराष्ट्र वृत्त’ या वार्तापत्रानेही कागदाकडून पडद्याकडे प्रवास केला आहे. हजारो मैलांवर पसरलेल्या वाचकांना एका वेळी अंक मिळणे, हा अशा संस्थांचा मोठा लाभ.

या तीन प्रकारांत एकाचीच निवड करण्याची गरज नाही. लेखनिहाय पाने हा पाया मानावा, त्याच मजकुरातून पीडीएफ अंक तयार करावा आणि वार्तापत्राने त्याची वर्दी द्यावी, ही रचना छोट्या संघालाही झेपते.

जुन्या फॉन्टचा पेच

इंग्रजी अंकांना न येणारी एक अडचण मराठी अंकांपुढे हमखास येते. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षे मराठी मजकुराची जुळणी श्री-लिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींतील फॉन्ट वापरून होत असे. पानांची मांडणी पेजमेकरमध्ये किंवा कोरल ड्रॉमध्ये होई. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. पडद्यावर ‘विद्यालय’ दिसले, तरी संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांग असे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात, ती याचमुळे.

यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानकही आले होते आणि पुण्याच्या सी-डॅकने या क्षेत्रात मोलाचे काम केले. तथापि छपाईच्या व्यवसायात जुने फॉन्ट टिकून राहिले. परिणामी २००५ किंवा २०१० सालच्या अंकाची मूळ फाईल हाती असली, तरी तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करावेच लागते.

रूपांतराची साधने उपलब्ध आहेत. मात्र त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी टंकलेला असतो, युनिकोडमध्ये तो नंतर येतो. रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे यांच्या जागाही बदलतात. येथे चुका होतात आणि त्या विशेषेकरून आडनावांत व गावांच्या नावांत होतात. माजी विद्यार्थ्यांच्या अंकात नावे हाच मुख्य ऐवज असल्याने रूपांतरित मजकुराचे मुद्रितशोधन करताना नावांची यादी वेगळी काढून तपासणे शहाणपणाचे ठरते.

मराठीच्या आणखी दोन बारकाव्यांकडे लक्ष हवे. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ या शब्दांतील अर्धा ऱ संगणकावर एकाहून अधिक प्रकारे लिहिला जातो. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी ते ‘अ’वर चंद्र देऊन साधले जाई. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण शोध घेताना संगणक त्यांना भिन्न मानतो. एखाद्या ‘ॲडव्होकेट’ माजी विद्यार्थ्याचा उल्लेख पाच अंकांत असूनही शोधात दोनच अंक येतात, याचे कारण हे असू शकते. संपादक मंडळाने एकच रूप ठरवून सर्व मजकूर त्यात आणावा. तसेच संकेतस्थळाच्या पानावर भाषेची खूण ‘मराठी’ अशी द्यावी. त्यामुळे योग्य फॉन्ट असल्यास ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दिसतात, हिंदीची नव्हे.

जुने अंक : आधी हात, मग यंत्र

अंक डिजिटल करताना नव्या अंकांपेक्षा जुन्यांचा प्रश्न अधिक गहन असतो. कित्येक संस्थांकडे स्वतःच्याच अंकांचा पूर्ण संच नसतो. म्हणून पहिले काम यादीचे. कोणत्या वर्षी कोणता अंक निघाला, किती पानांचा होता, प्रत कोठे आहे, हे एका तक्त्यात मांडावे. न सापडलेल्या अंकांसाठी निवृत्त प्राध्यापक, माजी संपादक आणि ज्यांच्या छायाचित्रांमुळे घरी अंक जपला गेला असेल असे विद्यार्थी यांना विनंती करावी. मूळ प्रत परत दिली जाईल, असे लेखी आश्वासन दिल्यास लोक विश्वासाने देतात.

स्कॅनिंग किमान ३०० डीपीआय आणि लहान अक्षरे किंवा छायाचित्रे असल्यास ४०० डीपीआय या प्रमाणात करावे. मूळ प्रतिमा टिफ या स्वरूपात जपून ठेवावी आणि वाचकांसाठी हलकी पीडीएफ काढावी. दीर्घकालीन जतनासाठी पीडीएफ-ए हे स्वरूप आहे. त्याचे आंतरराष्ट्रीय मानक २००५ मध्ये ठरले. त्यात वापरलेले फॉन्ट फाईलमध्येच अंतर्भूत असावे लागतात, त्यामुळे फॉन्टअभावी मजकूर बिघडण्याचा धोका उरत नाही.

प्रतिमेतून मजकूर काढण्यासाठी ओसीआर तंत्र वापरले जाते. ‘टेसरॅक्ट’ ही प्रणाली २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ती आज मराठीही वाचते. स्वच्छ छपाई आणि पांढरा कागद असेल, तर निकाल समाधानकारक येतो. खिळ्यांच्या छपाईतील झिजलेली अक्षरे, पिवळा पडलेला कागद आणि तक्ते यांपुढे मात्र यंत्र अडखळते. सर्व मजकूर शुद्ध करण्याइतके मनुष्यबळ नसेल, तर निदान अनुक्रमणिका, लेखकांची नावे, छायाचित्रांखालच्या ओळी आणि श्रद्धांजलीची पाने हाताने तपासावीत. अंक उघडणाऱ्या बहुसंख्य वाचकांचा शोध याच चार गोष्टींपैकी एकीचा असतो.

लेखकाचा हक्क

‘अंक आमचा, मग परवानगी कोणाची?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. उत्तर दिसते तितके सोपे नाही. लेखकाने छापण्यासाठी लेख दिला याचा अर्थ त्याचे सर्व हक्क संस्थेला दिले असा होत नाही. प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. २०१२ मधील दुरुस्तीने त्यात एक महत्त्वाची तरतूद आली. हक्क हस्तांतरित करतेवेळी जे माध्यम अस्तित्वात किंवा व्यावसायिक वापरात नव्हते, त्या माध्यमासाठी ते हस्तांतरण लागू होत नाही. करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असेल तरच ते लागू होते. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षे समजली जाते.

हक्काची मुदत लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांची आहे. तळेगावचीच उदाहरणे घ्यायची तर विजापूरकर १९२६ मध्ये निवर्तले. त्यांच्या प्रसिद्ध लेखनावरील हक्क केव्हाच संपले. सातवळेकरांचे निधन मात्र १९६८ मधील. त्यांच्या नावावर प्रसिद्ध झालेले लेखन २०२८ च्या अखेरपर्यंत संरक्षित राहील. एकाच मासिकाशी संबंधित संपादक आणि लेखक यांच्या बाबतीत कायद्याचे उत्तर असे वेगळे येते. तळेगावात दीर्घकाळ वास्तव्य केलेले गो. नी. दांडेकर १९९८ मध्ये गेले. त्यांच्या लेखनाला २०५८ पर्यंत संरक्षण आहे. एखाद्या संस्थेच्या जुन्या अंकात नामवंत साहित्यिकाचा पाहुणा लेख असेल, तर तो संकेतस्थळावर ठेवण्यापूर्वी वारसांची संमती घेणे इष्ट होय.

सामान्य माजी विद्यार्थ्यांच्या लेखांबाबत व्यवहार्य मार्ग असा : संपर्क होऊ शकेल त्यांना ई-मेलने विचारावे, संमती जपून ठेवावी, संपर्क न झालेल्यांसाठी ‘हरकत असल्यास कळवावे, मजकूर त्वरित काढला जाईल’ अशी सूचना ठळकपणे द्यावी. अशी सूचना संमतीची जागा घेत नाही, परंतु संस्थेचा सद्भाव दाखवते. यापुढील प्रत्येक लेखासोबत छापील व डिजिटल अशा दोन्ही माध्यमांचा उल्लेख असलेले एक पानी संमतिपत्र घ्यावे.

खासगी वितरण आणि जाहीर प्रदर्शन

‘केवळ खासगी वितरणासाठी’ या ओळीचा अर्थ डिजिटल अंकात बदलतो. जुन्या अंकांत माजी विद्यार्थ्यांचे घरचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक, जन्मतारखा, कधी कधी विवाहाच्या बातम्या आणि अपत्यांची नावेही छापलेली असत. दोन हजार घरांत गेलेली ती माहिती काही काळाने विस्मरणात जाई. तीच संकेतस्थळावर गेली की जगातील कोणालाही, कोणत्याही हेतूने शोधता येते. बँक खात्याच्या सुरक्षेसाठी जन्मतारीख विचारली जाणाऱ्या काळात हा धोका लहान नाही.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती कशासाठी घेतली ते सांगणे, संमती घेणे आणि मागणी आल्यास माहिती काढून टाकणे, हा त्याचा गाभा आहे. माजी विद्यार्थी संघाने म्हणून जुन्या अंकांच्या दोन प्रती कराव्यात : एक संग्रहासाठी अविकल आणि दुसरी जाहीर वाचनासाठी, जीत पत्ते व क्रमांक झाकलेले असतील. संग्रहातील प्रतीवर मात्र काहीही खोडू नये. आज अनावश्यक वाटणारा पत्ता पन्नास वर्षांनी अभ्यासकाला मोलाचा वाटू शकतो.

नोंदणी आणि क्रमांक

नियमित निघणारा आणि सार्वजनिक घडामोडींवर भाष्य करणारा छापील अंक नोंदणीच्या कक्षेत येऊ शकतो. १८६७ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून अमलात आहे. तो छापील नियतकालिकांपुरता आहे. नोंदणी केलेल्या अंकाची छपाई थांबवणार असल्यास महानिबंधकांना कळवून नोंदी पूर्ण कराव्यात.

आयएसएसएन क्रमांकाबाबतही गैरसमज आढळतो. छापील आवृत्तीचा क्रमांक डिजिटल आवृत्तीवर टाकता येत नाही. दोन माध्यमांसाठी दोन स्वतंत्र क्रमांक घ्यावे लागतात. भारतात ते दिल्लीच्या ‘निस्पर’ संस्थेतील राष्ट्रीय केंद्रातून मिळतात. महाविद्यालयांच्या दृष्टीने नोंदी नीट ठेवण्यास आणखी एक कारण आहे. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा एक निकष राहिला आहे. परंतु केवळ समितीला दाखवण्यासाठी काढलेला डिजिटल अंक समितीची भेट संपताच थांबतो, हेही तितकेच खरे.

कागद टिकतो, संकेतस्थळ टिकते का?

या विषयातील सर्वांत गंभीर मुद्दा जतनाचा आहे. छापील अंकाच्या हजार प्रती हजार घरांत जातात. वाळवी, पूर, घरबदल यांतून पाच-दहा तरी वाचतात. त्यासाठी कोणी काही करावे लागत नाही. डिजिटल अंकाची मूळ प्रत एकाच ठिकाणी असते आणि ती टिकण्यासाठी कोणीतरी दरवर्षी काहीतरी करावे लागते. संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक शुल्क भरायचे राहिले, ते भरणारा पदाधिकारी निवृत्त झाला, परवलीचा शब्द त्याच्यासोबत गेला, एवढ्यानेही पंधरा वर्षांचे अंक एका दिवसात दिसेनासे होऊ शकतात.

ही भीती काल्पनिक नव्हे. अनेकांनी आपली पहिली संकेतस्थळे जिथे उभारली ती जिओसिटीज सेवा २००९ मध्ये बंद झाली. महाविद्यालयीन मित्रमंडळींचे अड्डे असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी थांबले. याहू ग्रुप्सवर वर्षानुवर्षे साठलेला मजकूर व छायाचित्रे काढून टाकण्यात आली आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाही संपली. पाने उलटल्याचा भास देणारे ‘फ्लिपबुक’ अंक एकेकाळी फार लोकप्रिय होते. त्यांपैकी जे फ्लॅश तंत्रावर आधारित होते, ते त्या तंत्राचे पाठबळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपल्यावर उघडेनासे झाले. देखण्या मांडणीसाठी निवडलेले तंत्रच अंकाच्या मुळावर आले.

छापील पुस्तकांच्या बाबतीत १९५४ च्या कायद्याने काही ठरावीक ग्रंथालयांत प्रती जमा करण्याची सोय आहे. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय त्यांत येतात. डिजिटल अंकासाठी असा भक्कम आधार नाही. ती व्यवस्था संघालाच करावी लागते. तिची सूत्रे अवघड नाहीत. प्रत्येक अंकाच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक गावाबाहेर असावी. सीडीवर विसंबू नये. घरी भरलेल्या सीडी काही वर्षांतच वाचता येईनाशा झाल्याचा अनुभव सार्वत्रिक आहे. संकेतस्थळाचे नाव व्यक्तीच्या नव्हे, संस्थेच्या नावे नोंदवावे आणि शुल्क काही वर्षांचे आगाऊ भरावे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहातही जाहीर प्रत ठेवावी. वर्षातून एकदा कोणताही एक जुना अंक उघडून पाहावा. उघडला नाही, तर दुरुस्तीला अजून वेळ असतो.

वाचक कोण उरतो?

छपाई थांबवताना ज्यांची सोय सर्वाधिक बिघडते, ते बहुधा अंकाचे सर्वांत निष्ठावान वाचक असतात. सत्तरी ओलांडलेला माजी विद्यार्थी अंक हाती आल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, श्रद्धांजलीच्या पानावर थांबतो आणि कोणाला तरी फोन करतो. तोच अंक ई-मेलने आला, तर तो जाहिरातींच्या गर्दीत हरवतो. तरुण वाचकाचे उलट आहे. त्याला छापील अंक मिळत नाही, कारण त्याचा पत्ताच संघाकडे नाही. एकाच माध्यमाचा हट्ट धरला की दोघांपैकी एक पिढी दुरावते.

म्हणूनच जगभरातील अनुभवी नियतकालिकांनी सावकाश बदल स्वीकारला. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे ‘प्रिन्स्टन अ‍ॅलम्नाय वीकली’ १९०० साली सुरू झाले. आता ते साप्ताहिक राहिलेले नाही, तरी नाव तेच आहे. छापील अंकांची संख्या कमी झाली आणि संकेतस्थळाने मधली पोकळी भरली. आपल्याकडे ‘साधना’ साप्ताहिक १५ ऑगस्ट १९४८ पासून निघत आहे. २०१९ मध्ये साधना ट्रस्टने ‘कर्तव्य साधना’ हे स्वतंत्र डिजिटल व्यासपीठ सुरू केले आणि छापील साप्ताहिकही चालू ठेवले. ‘साधना’ माजी विद्यार्थ्यांचे नियतकालिक नाही, पण जुना वाचक न दुखावता नवा वाचक कसा मिळवावा, याचा धडा त्यातून घेता येतो.

छोट्या संघासाठी मध्यम मार्ग असा : वर्षभर डिजिटल अंक काढावेत आणि वर्षअखेर त्यांतील निवडक मजकुराचा एक छापील वार्षिक अंक मागणीपुरता छापावा. अल्प प्रतींची डिजिटल छपाई आता सहज उपलब्ध आहे. शंभर-दीडशे प्रती ज्येष्ठांना, महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला, गावातील सार्वजनिक वाचनालयाला आणि पुण्या-मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयांना द्याव्यात. यामुळे कागदाचा टिकाऊपणाही पदरी पडतो.

कामाचा क्रम

सर्व गोष्टी एकाच वेळी हाती घेतल्यास कोणतीच पूर्ण होत नाही. अनुभवी संपादकांना पटेल असा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे सांगता येईल.

पहिली तिमाही : अंकांची यादी, हरवलेल्या अंकांचा शोध आणि ई-मेल पत्त्यांची संमतीसह जमवाजमव.

दुसरी तिमाही : चालू अंक युनिकोडमध्ये तयार करणे, शुद्धलेखनाची व अक्षररूपांची नियमावली ठरवणे, नवे संमतिपत्र लागू करणे.

तिसरी तिमाही : जुन्या अंकांचे स्कॅनिंग, अनुक्रमणिकांची तपासणी, खासगी माहिती झाकलेल्या जाहीर प्रती.

चौथी तिमाही : संकेतस्थळाचे उद्घाटन, त्याच वेळी मागणीपुरता छापील अंक आणि जतनाची जबाबदारी असलेल्या पदाची घटनेत नोंद.

या शेवटच्या कलमाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. संपादक बदलतात, प्राचार्य निवृत्त होतात. ‘अंकांचा संग्रह सांभाळणारा’ असे पद संघाच्या घटनेतच असेल, तर व्यक्ती बदलली तरी काम थांबत नाही.

विजापूरकरांच्या काळी सरकारने एक विद्यालय बंद केले, तरी ‘ग्रंथमाले’चे आणि ‘विश्ववृत्ता’चे छापलेले अंक घरोघरी गेलेले होते. सरकारी आदेश सगळ्या कपाटांपर्यंत पोहोचू शकत नाही. आजच्या अंकाला अशा आदेशाची भीती नाही, परंतु त्याची कपाटेही उरलेली नाहीत. चाकणच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्या, तळेगावात शिकलेल्या पदवीधराची नोंद पन्नास वर्षांनी कोणाला सापडेल की नाही, हे आज संघाच्या सभेत कोणाच्या नावे कोणती जबाबदारी लिहिली जाते, यावर अवलंबून आहे.